२५२०: गूढ कसलं, साधा लसावि!

व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षं फिरणारा निरोप: १ ते १० सगळ्यांनी भाग जाणारी २५२० ही एकमेव संख्या, शोध रामानुजन यांचा, शिवाय ७ × ३० × १२, म्हणजे आठवडा, महिना, वर्ष सगळं तिच्यात!

एकमेव? ५०४० आणि ७५६० लाही भाग जातोच की. २५२० सर्वांत लहान, एवढंच. शाळेतला लसावि (लघुत्तम साधारण विभाज्य): ८ × ९ × ५ × ७. कॅलेंडरचं म्हणाल, तर ३० × १२ = ३६०; त्याला १ ते १० पैकी फक्त सातने भाग जात नाही. सातने गुणलं की झालं! (आणि सगळे महिने तीस दिवसांचे कुठे असतात?)

रामानुजन यांनी १९१५ मध्ये भरपूर विभाजकांच्या संख्यांवर निबंध लिहिला, त्यांत ४८ विभाजकांची २५२० बसते, हे खरं. पण ५०४० चा हाच गुण प्लेटोने दोन हजारांहून जास्त वर्षं आधी सांगितला होता.