कीबोर्ड अ‍ॅपच्या मालकीचा नसतो

पुण्यात आता मिळकतकर, वीजबिल, बँकेतले खाते, महाविद्यालयाचा प्रवेश यांपैकी बहुतेक कामे मोबाइलवरच्या एखाद्या अर्जाने सुरू होतात. नाव, पत्ता, पिन कोड, ओटीपी असे रकाने भरताना येणाऱ्या अडचणी इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की अनेकांना तो आपल्या फोनचा किंवा आपल्याच बोटांचा दोष वाटतो. शेवटचा रकाना कीबोर्डखाली झाकला जातो, ‘पुढे’ हे बटण दोनदा दाबावे लागते, मराठी अक्षरे दुप्पट उमटतात किंवा उमटतच नाहीत. या तक्रारी वेगवेगळ्या दिसत असल्या, तरी त्यांतल्या बहुतेकींचे मूळ एकच आहे. स्क्रीनवर खालून वर येणारा कीबोर्ड समोरच्या अ‍ॅपचा भाग नसतो. तो एक स्वतंत्र प्रोग्रॅम असतो, आणि अ‍ॅप लिहिणाऱ्याला याचा विसर पडला की त्याचा भुर्दंड अर्ज भरणाऱ्याला सोसावा लागतो.

२००७ साली आलेल्या पहिल्या आयफोनमध्ये कीबोर्ड स्क्रीनवरच होता. २००८ मधल्या पहिल्या अँड्रॉइड फोनला मात्र सरकवून बाहेर काढायच्या खऱ्या कळा होत्या. स्क्रीनवरचा कीबोर्ड अँड्रॉइडमध्ये २००९ साली, १.५ या आवृत्तीबरोबर आला, आणि तो आला तोच अशा रचनेसह की कोणत्याही कंपनीला स्वतःचा कीबोर्ड लिहून फोनमध्ये बसवता यावा. अ‍ॅपलने ही मुभा २०१४ मध्ये आयओएस (आयफोनची ऑपरेटिंग सिस्टिम) ८ पासून दिली. मराठीसाठी ती फार मोलाची ठरली, कारण कोणाला इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कळ-मांडणीची सवय असते, कोणी रोमन अक्षरांतून मराठी लिहितो, तर कोणी बोलून टाइप करतो, आणि एकाच घरातल्या दोन फोनवर दोन वेगळे कीबोर्ड असू शकतात. हा प्रोग्रॅम किती वेगळा आहे याचा पुरावा आयफोनवर सहज मिळतो: बाहेरून घेतलेला कीबोर्ड वापरत असताना पासवर्डच्या रकान्यात बोट ठेवले की तो बाजूला होतो आणि फोनचा मूळ कीबोर्ड येतो. पासवर्ड तिसऱ्याच्या प्रोग्रॅममधून जाऊ नये म्हणून ही व्यवस्था केलेली आहे.

अँड्रॉइडवर हे दोन प्रोग्रॅम एकमेकांशी ऑपरेटिंग सिस्टिमच्या मध्यस्थीने बोलतात. एखाद्या रकान्याला स्पर्श झाला की अ‍ॅप त्या रकान्याचे वर्णन कळवते: येथे आकडे हवेत की अक्षरे, हा ईमेल आहे की पासवर्ड, मजकूर एका ओळीचा आहे की अनेक ओळींचा, कोपऱ्यातल्या कळीवर ‘पुढे’ हवे की ‘शोधा’. हे वर्णन वाचून कीबोर्ड आपले रूप ठरवतो. मग उलट दिशेने निरोप सुरू होतात: हा मजकूर घाला, कर्सरच्या मागची इतकी अक्षरे पुसा, कर्सरच्या आधी काय लिहिले आहे ते सांगा. येथे ‘अमुक कळ दाबली गेली’ असा निरोप येईलच याची कोणतीही हमी नाही. वेबपानांवर तर हे फार ठळकपणे दिसते. कोणती कळ दाबली असे पानाने विचारले, तर अँड्रॉइडवरील क्रोम हा ब्राउझर बहुतेक अक्षरांसाठी २२९ हा एकच क्रमांक देतो, आणि त्याचा अर्थ एवढाच की कीबोर्डचे काम चालू आहे. कळांवर पहारा ठेवून बेतलेले अर्ज म्हणूनच संगणकावर व्यवस्थित चालतात आणि फोनवर अडखळतात.

हे सारे निरोप नेमके कोणत्या रकान्याकडे जायचे, ते फोकस ठरवतो. सभेत ध्वनिक्षेपक एकच असावा आणि तो ज्याच्या हाती असेल त्याचाच आवाज सभागृहात पोहोचावा, तसे अ‍ॅपच्या एका खिडकीत मजकुराचा फोकस एका वेळी एकाच रकान्याकडे असतो. आयओएसमध्ये अशा घटकाला ‘फर्स्ट रिस्पॉन्डर’ म्हणतात. त्याने हा मान सोडला आणि दुसऱ्या कोणत्याही रकान्याने तो घेतला नाही की कीबोर्ड खाली जातो. अँड्रॉइडवर फोकस आणि कीबोर्ड यांची गाठ इतकी घट्ट नाही. रकान्यात कर्सर लुकलुकत असतो पण कीबोर्ड आलेला नसतो, अशी स्थिती तेथे अगदी वैध आहे. अनुभवी प्रोग्रॅमरही येथे फसतात, कारण पडदा पुरता उभा राहण्याआधीच त्यांनी कीबोर्ड मागवलेला असतो आणि ती मागणी कोणतीही तक्रार न करता विरून जाते.

पडदा उघडताच कीबोर्ड आपोआप वर आणावा का, यावर मतभेद आहेत. शोधण्याचा पडदा किंवा ओटीपीचा पडदा सोडल्यास तसे करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. अर्ज कशाचा आहे, किती लांब आहे, कोणती कागदपत्रे लागतील हे वाचण्याआधीच अर्धा पडदा झाकून टाकणे हे अर्ज भरणाऱ्यावर घाई लादणे आहे. आयफोनवरील सफारी हा ब्राउझर तर वापरणाऱ्याने स्वतः स्पर्श केल्याखेरीज वेबपानाला सहसा कीबोर्ड वर आणू देत नाही, आणि हा नियम मला योग्य वाटतो.

कीबोर्ड वर आला की अर्ध्याच्या आसपास पडदा त्याच्या ताब्यात जातो. उरलेल्या जागेचे काय करायचे याचे जुने पर्याय अँड्रॉइडमध्ये मुख्यतः दोन आहेत. पहिल्यात अ‍ॅपची खिडकीच लहान होते, त्यामुळे आतला मजकूर सरकवून शेवटच्या रकान्यापर्यंत जाता येते. दुसऱ्यात खिडकीचा आकार तोच राहतो आणि ती अख्खी वर ढकलली जाते. चालू रकाना दिसतो खरा, पण वरचा मथळा पडद्याबाहेर जातो आणि खालचे बटण कीबोर्डमागे अडकते. लांब अर्जासाठी दुसरा पर्याय निवडलेला दिसला की वाईट वाटते, कारण वयस्कर माणसाला ते बटण मिळवण्यासाठी आधी कीबोर्ड मिटावा लागतो हे कोणी सांगितलेले नसते. कीबोर्डची नेमकी उंची आणि त्याची हालचाल अ‍ॅपला नीट कळण्याची सोय अँड्रॉइड ११ मध्ये, म्हणजे २०२० साली आली. आयओएसमध्ये कीबोर्डच्या वरच्या कडेला थेट मांडणी बांधण्याची सोय २०२१ च्या आयओएस १५ मध्ये आली. तरीही उंचीचा एक ठरावीक आकडा प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवण्याची खोड गेलेली नाही. सूचनांची पट्टी उघडली, इमोजींचे पान आले, फोन आडवा धरला की ती उंची बदलते.

वेबपानांची गोष्ट आणखी निराळी आहे. २०२२ च्या अखेरीस आलेल्या १०८ व्या आवृत्तीपासून अँड्रॉइडवरील क्रोम कीबोर्डसाठी पानाची मूळ मांडणी बदलत नाही, फक्त दिसणारा भाग लहान करतो. तळाला चिकटवलेले बटण त्यामुळे कीबोर्डच्या वर न येता खालीच राहते.

हिंजवडी किंवा खराडीच्या कार्यालयांत तयार होणाऱ्या अ‍ॅपमध्ये हे दोष तपासणीतून निसटतात, त्यामागे एक अगदी साधे कारण असू शकते. संगणकावर आयफोनची नक्कल करणाऱ्या सिम्युलेटरला संगणकाचा खरा कीबोर्ड जोडलेला असला, तर स्क्रीनवरचा कीबोर्ड वर येतच नाही. प्रोग्रॅमर भराभर टाइप करतो, अर्ज व्यवस्थित पुढे जातो, आणि झाकला जाणारा रकाना त्याला कधी दिसतच नाही. बटण दोनदा दाबावे लागण्याचे कारणही असेच नजरेआड राहते. रिअ‍ॅक्ट नेटिव्ह या अ‍ॅप बनवण्याच्या लोकप्रिय साधनात सरकत्या पडद्याची मूळ रीत अशी आहे की कीबोर्ड उघडा असताना रकान्याबाहेर केलेला पहिला स्पर्श फक्त कीबोर्ड मिटवतो. तो बटणापर्यंत पोहोचत नाही. प्रोग्रॅममधल्या एका ओळीने हे बदलता येते, पण त्यासाठी आधी कोणीतरी खऱ्या फोनवर बोटाने अर्ज भरून पाहायला हवा.

मराठी लिहिताना ही सारी गुंतागुंत कळसाला पोहोचते. रोमन अक्षरांतून मराठी लिहिणारा माणूस ‘सदाशिव पेठ’ लिहायला घेतो, तेव्हा अनेक कीबोर्डांवर रकान्यात आधी रोमन अक्षरेच उमटतात आणि त्यांच्याखाली रेघ असते. ही रेघ सांगते की मजकूर अजून कच्चा आहे. स्पेस दिली किंवा वरच्या पट्टीतला पर्याय निवडला की कीबोर्ड ती सारी रोमन अक्षरे मागे घेतो आणि जागी ‘सदाशिव’ ठेवतो. शब्द पक्का होईपर्यंत त्या अक्षरांवर कीबोर्डचा हक्क असतो, आणि अ‍ॅपने थांबायचे असते. आता एखाद्या अर्जाने ‘नाव फक्त मराठीत लिहा’ असा नियम केला आणि प्रत्येक अक्षरागणिक रोमन अक्षरे गाळून टाकली, तर या माणसाला तो रकाना भरताच येणार नाही. त्याने लिहिलेले पहिलेच अक्षर देवनागरी होण्याआधी पुसले जाईल. दुसरा अर्ज प्रत्येक बदलानंतर शेवटची मोकळी जागा काढून टाकत असेल, तर पत्ता ‘सदाशिवपेठ’ असा जोडून येईल. तिसरा अर्ज दर वेळी रकान्यातला सगळा मजकूर स्वतः पुन्हा लिहीत असेल, तर कीबोर्डचा हिशेब आणि रकान्यातला मजकूर यांचा मेळ तुटतो आणि अक्षरे दुप्पट उमटतात. या तिन्हींवर इलाज एकच आहे: तपासणी शब्द पक्का झाल्यावर, आणि शक्य तर फोकस रकाना सोडून गेल्यावर करावी. वेबपानांना लेखन कच्चे आहे की पक्के हे सांगणाऱ्या सूचना ब्राउझर देतोच. त्या ऐकणे एवढेच काम उरते.

अक्षरे मोजण्यातही असाच घोटाळा होतो. ‘ज्ञानेश्वर’ या नावात आपण चार अक्षरे मोजतो, पण युनिकोडच्या, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणाच्या, हिशेबात हलन्त, काना, मात्रा स्वतंत्र धरल्याने ती दहा चिन्हे होतात, आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या प्रचलित पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट लागून एकूण तीस बाइट होतात. ‘नाव वीस अक्षरांपर्यंत’ ही मर्यादा नेमके काय मोजून घातली आहे यावर कोणाचे आडनाव मध्येच तुटेल हे ठरते. जोडाक्षर हे एकसंध अक्षर मानावे असा नियम युनिकोडच्या मजकूर-विभागणीत २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. तोवर त्या नियमांनुसार ‘क्ष’ हे दोन तुकडे होते. पुसण्याची रीत मात्र जाणूनबुजून वेगळी ठेवलेली आहे. ‘क्षि’ पुसताना बहुतेक कीबोर्डांवर आधी वेलांटी जाते, मग ष, मग हलन्त, मग क. चुकलेली ऱ्हस्व वेलांटी दीर्घ करण्यासाठी सगळे जोडाक्षर पुन्हा लिहावे लागू नये, ही त्यामागची सोय आहे आणि अ‍ॅपने तिच्यात ढवळाढवळ करू नये.

आकड्यांचेही तसेच. मराठी कीबोर्डवरून लिहिलेला ४११०३० हा पिन कोड जावास्क्रिप्टच्या (वेबपाने चालवणाऱ्या भाषेच्या) नेहमीच्या तपासणीला आकडा वाटतच नाही. अर्ज ‘पिन कोड चुकीचा आहे’ असे म्हणतो आणि भरणारा माणूस गोंधळून पुन्हा तोच लिहितो. मराठी आकडे आपणहून इंग्रजी आकड्यांत बदलून घेणे हे अ‍ॅपला काही ओळींचे काम आहे.

ओटीपीसाठी सहा वेगळे चौकोन काढण्याची पद्धत दिसायला सुबक असते. ते सहा खरे स्वतंत्र रकाने असले, तर एकेका आकड्यानंतर फोकस पुढे ढकलावा लागतो, रिकाम्या चौकोनात मागे जाण्याची कळ दाबली तर पुसायला काहीच नसल्याने अ‍ॅपपर्यंत निरोप येईलच असे नाही, आणि संदेशातून उचललेला अख्खा ओटीपी पहिल्याच चौकोनात कोंबला जातो. स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हरच्या मदतीने फोन वापरणाऱ्या अंध व्यक्तीला तर याचा दुहेरी त्रास होतो. त्यांच्या फोनवर दोन फोकस असतात: एक मजकुराचा, आणि दुसरा वाचनाचा, जो बोट फिरेल तसा बटणांवर आणि मथळ्यांवरही जातो. अ‍ॅपने मजकुराचा फोकस न सांगता उडवला की वाचणारा आवाज मध्येच तुटतो आणि आपण कोणत्या चौकोनात आहोत हे कळेनासे होते. वेबसाठीच्या डब्ल्यूसीएजी या सुगम्यता मार्गदर्शिकेने ऑक्टोबर २०२३ च्या २.२ आवृत्तीत, कीबोर्डने चालवताना फोकस मिळालेला घटक पानावरच्या इतर मजकुराखाली पूर्णपणे झाकला जाऊ नये असा निकष घातला आहे. न सांगता संदर्भ बदलू नये हा निकष तर तिच्यात आधीपासून आहे. ओटीपीसाठी आत एकच रकाना ठेवून वर सहा चौकोन केवळ चित्रासारखे काढले, तर दिसणे तेच राहते, आयफोनवर संदेशातला ओटीपी आपोआप भरण्याची २०१८ पासूनची सोय सरळ चालते, आणि वाचणारा आवाज त्या एका रकान्याचे नाव एकदाच सांगून थांबतो.