सिंगल माल्ट व्हिस्कीची तौलनिक चाखणी

सिंगल माल्ट व्हिस्कीची तौलनिक चाखणी ही एक हौशी पद्धत आहे. तिच्यात दोन किंवा अधिक सिंगल माल्ट स्कॉच व्हिस्की एकाच बैठकीत, थोड्या थोड्या प्रमाणात, शेजारी शेजारी ठेवून त्यांच्या गंधातील, चवीतील आणि घोट गिळल्यानंतर मागे उरणाऱ्या चवीतील फरक शोधले व नोंदवले जातात. नशा हा या बैठकीचा हेतू नसतो. ग्लासात इतके कमी ओतले जाते की नेहमीच्या पिणाऱ्याला ती थट्टाच वाटावी. ठाणे व नवी मुंबईत ही चाखणी बहुतांशी घरगुती असते. चार-सहा ओळखीची माणसे प्रत्येकी एक बाटली घेऊन कुणाच्या तरी दिवाणखान्यात जमतात, कारण एकट्याने पाच महागड्या बाटल्या फोडणे परवडत नाही आणि एकाच नाकावर विसंबणेही बरे नसते.

‘सिंगल माल्ट’ या नावाला कायद्याचा अर्थ आहे. स्कॉच व्हिस्कीविषयीच्या २००९ च्या ब्रिटिश नियमांनुसार ती एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणवून वाळवलेल्या सातूपासून, पाणी व यीस्ट वापरून, पॉट स्टिल नावाच्या पात्रात घाण्याघाण्याने ऊर्ध्वपातित केलेली असावी लागते. पुढे ती स्कॉटलंडमध्येच, जास्तीत जास्त ७०० लिटरच्या ओक पिंपात किमान ३ वर्षे मुरावी लागते, आणि बाटलीत मद्यार्क ४० टक्क्यांपेक्षा कमी चालत नाही. पाणी आणि साधा कॅरॅमल रंग एवढीच भर मान्य आहे. या रंगामुळे चाखणाऱ्याचा पहिला अंदाज फसतो: गडद व्हिस्की जुनी किंवा शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपातलीच असेल असे नाही. बाटलीवर छापलेले वय तिच्यातील सर्वांत कमी वयाच्या पिंपाचे असते आणि ते दर्जाचे प्रमाणपत्र नसते. अठरा वर्षे लाकडात राहून तुरट व कडवट झालेली व्हिस्कीही त्याच अभिमानाने आकडा मिरवते.

तुलना नेमकी कशाची करायची, हा या छंदातील मूळ प्रश्न आहे. नवखा माणूस सहसा प्रदेशापासून सुरुवात करतो. कायद्याने हायलँड, लोलँड, स्पेसाइड, आयला आणि कॅम्पबेलटाउन ही पाच नावे संरक्षित आहेत. मात्र त्यांच्यावरून चवीचे भाकीत करणे जोखमीचे आहे. ऑर्कनी बेटावरची हायलँड पार्क, स्काय बेटावरची टॅलिस्कर आणि मुख्य भूमीवर टेन गावाजवळची ग्लेनमोरँजी या तिन्ही कायद्याच्या दृष्टीने हायलँडच्याच आहेत, पण चवीत त्यांचा फारसा संबंध नाही. धुरासाठी प्रसिद्ध असलेल्या आयला बेटावरच बुनाहाव्हनची बरीचशी व्हिस्की धुराशिवाय तयार होते. प्रदेशाचे नाव बाटलीचा पत्ता सांगते. चव ठरते ती पीट, पात्र आणि पिंप या तीन गोष्टींवर.

पीट म्हणजे दलदलीत शतकानुशतके अर्धवट कुजत साचलेल्या वनस्पतींचा थर. तो कापून, वाळवून जाळला आणि त्याच्या धुरावर ओला सातू सुकवला, की धुरातील फिनॉल गटातील संयुगे दाण्याला चिकटतात. त्यांचे प्रमाण दशलक्षांश भागांत सांगतात, पण तो आकडा बहुधा माल्टचा असतो, बाटलीतल्या द्रवाचा नसतो; घाण्यातून बाटलीपर्यंत येताना त्यातले बरेच गळून जाते. म्हणूनच लागावुलिन आणि कलीला यांची जोडी शिकण्यासाठी उत्तम आहे. दोघींना पोर्ट एलनच्या माल्टगृहातून जवळजवळ सारख्याच धुराचे माल्ट मिळते, दोन्ही डिस्टिलऱ्या एकाच बेटावर आणि एकाच कंपनीच्या आहेत, तरी पहिली जड, गोडसर आणि दाट लागते, तर दुसरी हलकी, लिंबाळ आणि स्वच्छ. हा फरक मुख्यतः तांब्याच्या पात्रात पडतो: पात्र किती भरले, वाफेचा तांब्याशी किती संपर्क आला आणि ऊर्ध्वपातनाचा मधला भाग कुठून कुठवर घेतला, यांवर मद्याचा बांधा ठरतो. ग्लेनमोरँजीची पात्रे स्कॉटलंडमधील सर्वांत उंच मानली जातात. जड वाफा तेवढ्या उंच मानेतून वर न जाता परत खाली पडतात आणि मद्य नाजूक उतरते.

तिसरी गोष्ट म्हणजे पिंप, आणि चवीचा मोठा वाटा त्याचाच असतो. अमेरिकी बर्बन व्हिस्कीचे साधारण २०० लिटरचे वापरलेले पिंप व्हॅनिला आणि ओल्या नारळाकडे झुकणारा गंध देते. शेरी मुरवलेले सुमारे ५०० लिटरचे पिंप मनुका, अंजीर, खजूर आणि मसाल्याकडे नेते. एखादी व्हिस्की आयुष्याचा बहुतेक काळ बर्बनच्या पिंपात राहून शेवटचा काळ दुसऱ्या पिंपात काढते, तेव्हा त्याला ‘फिनिश’ म्हणतात. ग्लेनमोरँजीची मूळ बाटली आणि शेरीच्या पिंपात फिनिश केलेली ‘लासांता’ शेजारी ठेवल्या, तर लाकडाने काय केले ते एका घोटात कळते, कारण मूळ मद्य दोन्हींत एकच आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलू द्यावी आणि बाकीच्या शक्य तितक्या सारख्या ठेवाव्यात, हे तौलनिक चाखणीचे सूत्र येथे नीट दिसते. कॅम्पबेलटाउनची स्प्रिंगबँक डिस्टिलरी तर एकाच छपराखाली तीन प्रकार करते: स्प्रिंगबँक हलक्या पीटची, लाँगरो भरपूर पीटची व दोनदा ऊर्ध्वपातित, हेझलबर्न पीटविरहित व तीनदा ऊर्ध्वपातित. या तिन्ही बाटल्या एका टेबलावर जमवता आल्या तर बाकी अभ्यासक्रमाची फारशी गरज उरत नाही. त्या जमवणे मात्र आपल्याकडे अवघड आहे.

बैठकीच्या खोलीचा विचार ग्लासाआधी करावा लागतो, आणि ठाण्याच्या फ्लॅटमध्ये ही बाब किरकोळ नाही. दिवेलागणीला देवापुढे लावलेली उदबत्ती, स्वयंपाकघरातून येणारी लसणाची फोडणी, शेजारच्या बाल्कनीतील मच्छर अगरबत्ती आणि पाहुण्याचे अत्तर यांपैकी कोणतीही गोष्ट हलक्या लोलँड माल्टला पूर्ण झाकून टाकते. रात्रीचे जेवण व्हायच्या आधी, बंद खोलीत, एसी मध्यम ठेवून बसणे बरे. मे महिन्याच्या उकाड्यात ग्लासातून मद्यार्काचा भपकारा आधी येतो आणि बारीक गंध मागे राहतात. बर्फाने हा भपकारा दबतो हे खरे, पण गंधही दबतो, म्हणून तुलनेच्या वेळी बर्फ टाळतात. चकल्या, फरसाण आणि तळलेले बोंबील शेवटच्या ग्लासानंतर आणावेत. मधल्या काळात साधे पाणी आणि बिनमिठाची बिस्किटे पुरतात.

ग्लास खाली फुगीर आणि वर निमुळता हवा, म्हणजे वाफ तोंडाशी गोळा होते. २००१ पासून बाजारात असलेला ग्लेनकेर्न ग्लास याचसाठी घडवला आहे. प्रत्येक व्हिस्की १५ मिलिलिटर पुरते. नाक ग्लासात न खुपसता किंचित वर धरून, तोंड थोडे उघडे ठेवून हुंगायचे, मग लहानसा घोट तोंडात फिरवायचा, आणि गिळल्यावर नाकाने श्वास सोडायचा. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढेच कळते. ज्याला आपण चव म्हणतो त्यातले बरेचसे घशामागून नाकात जाणाऱ्या वाफेचे असते. क्रम हलक्याकडून जडाकडे, पीटविरहिताकडून पीटकडे असावा. धुरकट आर्डबेग आधी घेतली तर तिच्यानंतरच्या हलक्या ग्लेनलिव्हेटला न्याय मिळत नाही.

पाण्याविषयी हौशी मंडळींत जितके वाद आहेत तितके दुसऱ्या कशावरही नसतील. स्वीडनमधील लिनेयस विद्यापीठातील कार्लसन आणि फ्रीडमन यांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रतिरूपांच्या आधारे दाखवले, की धुराच्या गंधाशी निगडित ग्वायकोल हा रेणू मद्यार्क सुमारे ४५ टक्क्यांपर्यंत असताना द्रवाच्या पृष्ठभागाजवळ राहतो, पण ५९ टक्क्यांच्या पुढे तो मद्यार्काने वेढला जाऊन आत ढकलला जातो. त्यामुळे पिंपातील मूळ तीव्रतेच्या व्हिस्कीत पाणी घालणे हा अपराध नव्हे. तुलना करताना तर दोन्ही ग्लास एका तीव्रतेवर आणणे आवश्यकच असते. अन्यथा ४६ टक्क्यांची व्हिस्की ४० टक्क्यांच्या शेजारी उगाच भारदस्त वाटते. हिशेब सोपा आहे: ४६ टक्क्यांच्या १५ मिलिलिटरमध्ये सव्वादोन मिलिलिटर पाणी घातले की ती ४० वर येते, आणि ६० टक्क्यांच्या १५ मिलिलिटरमध्ये ५ मिलिलिटर घातले की ४५ वर. औषधाच्या दुकानात मिळणारी बिनसुईची सिरिंज यासाठी पुरते. नळाचे क्लोरिनयुक्त पाणी मात्र टाळावे. क्लोरिनचा वास आयलाच्या औषधी गंधात मिसळला की कोणता गंध कुणाचा हे सांगता येत नाही. पाणी घातल्यावर ४६ टक्क्यांची व्हिस्की किंचित गढूळ झाली तर घाबरण्याचे कारण नाही. थंड करून गाळली नसल्याने तिच्यातील तेलकट घटक वेगळे होतात एवढेच.

लेबल दिसत असताना केलेली तुलना अर्धी किमतीची तुलना असते. म्हणून जाणते गट बाटल्या कागदात गुंडाळतात किंवा यजमानाकडून ग्लासांवर अक्षरे लावून घेतात. याहून कठोर कसोटी तीन ग्लासांची आहे: दोन ग्लासांत एकच व्हिस्की, तिसऱ्यात वेगळी, आणि वेगळी कोणती ते ओळखायचे. नुसत्या अंदाजाने तिनांत एकदा उत्तर बरोबर येतेच, त्यामुळे एका यशावर मिशीला पीळ देण्यात अर्थ नाही. अशा अंध फेरीत बंगळुरूच्या अमृतसारखी भारतीय सिंगल माल्ट गुपचूप घुसवणे उपयुक्त ठरते. ही व्हिस्की २००४ मध्ये प्रथम ग्लासगोत विक्रीला आली. स्कॉटलंडमध्ये पिंपातून दरवर्षी साधारण २ टक्के मद्य उडून जाते, बंगळुरूच्या हवेत त्याच्या कितीतरी पट; त्यामुळे थोड्या वर्षांतच लाकूड चवीत उतरते आणि वयाच्या आकड्यावर श्रद्धा असणाऱ्यांची पंचाईत होते.

गंधाला नावे देताना परदेशी टिपणांतील हेदर, टॉफी आणि मार्झिपॅन उसने घेण्याची सवय दिसते. ज्या वस्तूचा वास आपण कधी घेतलेला नाही तिचे नाव वहीत लिहून तुलना पुढे सरकत नाही. नाकाची तालीम करायची तर वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीतील मसाला बाजारात एक सकाळ काढावी: लवंगेचा मुख्य गंधघटक युजेनॉल हाच ओकच्या लाकडातूनही व्हिस्कीत येतो, आणि मनुका, खारीक, जायफळ, सुंठ एकापाठोपाठ हुंगता येतात. फळबाजारात पिकलेल्या केळ्याचा जो वास भरून राहिलेला असतो त्याला कारणीभूत असणारे एस्टर गटातील संयुग आंबवण्याच्या काळात तयार होऊन तरुण स्पेसाइड माल्टमध्येही सापडते. आयलाच्या लाफ्रॉइगसाठी दवाखान्यातले टिंक्चर आयोडीन, विझत आलेली चूल आणि ओहोटीच्या वेळी ऐरोलीच्या पुलाखालून येणारा खाडीचा वास या नोंदी कोणत्याही आयात शब्दापेक्षा अचूक आहेत. गुण देण्याची पद्धतही आहे, पण शंभरपैकी ८७ आणि ८८ यांतला फरक सांगणाऱ्या माणसाकडे संशयानेच पाहावे.

हा छंद फार जुना नाही. स्कॉच जगभर गेली ती ब्लेंडच्या, म्हणजे अनेक डिस्टिलऱ्यांच्या व्हिस्कींच्या मिश्रणाच्या, रूपात. ग्लेनफिडिकने १९६३ पासून सिंगल माल्टची परदेशात पद्धतशीर विक्री सुरू केली, १९८३ मध्ये एडिनबर्ग येथे स्कॉच माल्ट व्हिस्की सोसायटी स्थापन झाली, आणि १९८८ मध्ये ‘क्लासिक माल्ट्स’ म्हणून सहा डिस्टिलऱ्यांच्या बाटल्या एकत्र मांडल्या गेल्यावर शेजारी ठेवून चाखण्याची कल्पना रुळली.

महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी किमान वय २५ वर्षे असून पिण्याचा परवाना लागतो. तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन असतो. गटात खर्च वाटून घेऊन एकत्र चाखणे वेगळे आणि बाटली फोडून नमुने विकणे वेगळे. या दुसऱ्या प्रकाराला विक्रीचा परवाना हवा. आयात स्कॉचवरील राज्याचे उत्पादन शुल्क नोव्हेंबर २०२१ मध्ये ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आले, आणि २४ जुलै २०२५ रोजी झालेल्या भारत-ब्रिटन करारात १५० टक्के सीमाशुल्क आधी ७५ व पुढे दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणण्याची तरतूद आहे. तरीही वेगळ्या बाटल्या अनेकदा परदेशातून परतणाऱ्या नातेवाइकांच्या सामानातूनच येतात. प्रौढ प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येते. एका बैठकीतले पाच नमुने मिळून ७५ मिलिलिटर होतात आणि ४३ टक्क्यांच्या हिशेबाने त्यांत ३२ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो. वाहन चालवणाऱ्यासाठी रक्ताची मर्यादा १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम आहे, त्यामुळे गाडी घरी ठेवून रिक्षाने येणे किंवा घोट थुंकून टाकणे हे दोनच मार्ग उरतात. थुंकण्याची चाल आपल्याकडे अजून रुजलेली नाही.

उघडलेली बाटली उभी ठेवावी, कारण तीव्र मद्याने बूच झिजते. उन्हापासून आणि गॅसजवळच्या फडताळापासून ती लांब असावी. अर्ध्याहून खाली गेलेल्या बाटलीत हवा वाढते आणि काही महिन्यांत पीटचा तिखटपणा आधी उतरतो. मार्चमध्ये उघडलेली बाटली दिवाळीत ताज्या बाटलीशी तोलायची असेल, तर उरलेली व्हिस्की वेळीच लहान काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवतात आणि झाकणावर तारीख लिहितात.