समप्रमाण: एका शब्दाचे दोन अर्थ

‘बडीशेप आणि ओवा समप्रमाणात घ्या’ असं घरगुती औषधात सांगतात तेव्हा अर्थ असतो सारखंच माप. गणितात मात्र समप्रमाण म्हणजे स्थिर गुणोत्तर. इडलीला तांदूळ तीन वाट्या, उडीद एक. पाहुणे वाढले की सहा आणि दोन. स्वयंपाकघराच्या भाषेत हे समप्रमाण नव्हे, गणिताच्या भाषेत अगदी चोख समप्रमाण. मुलं इथे अडखळतात, आणि दोष त्यांचा नाही. ‘प्रमाण’ या शब्दाचाच प्रवास तसा झाला आहे.

जुन्या गणितात प्रमाण म्हणजे गुणोत्तर नव्हतंच. ते त्रैराशिकातल्या, म्हणजे तीन माहीत राशींवरून (संख्यांवरून) चौथी काढण्याच्या रीतीतल्या, पहिल्या राशीचं, दिलेल्या मापाचं नाव होतं. आर्यभटाने इ.स. 499च्या सुमारास नियम आर्या वृत्तातल्या एका श्लोकात बसवला: फळाला (प्रमाणामागे जे मिळतं त्याला) इच्छेने (जेवढ्याचं उत्तर हवं त्या राशीने) गुणा, प्रमाणाने भागा. ब्रह्मगुप्ताने 628 मध्ये बजावलं की पहिली आणि शेवटची राशी एकाच जातीची हवी.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (1150) एक गिऱ्हाईक वाण्याला विचारतं: निष्काच्या (निष्क हे जुनं नाणं) तीन सप्तमांशात अडीच पळं (पळ हे वजनाचं माप) केशर, तर नऊ निष्कांत किती? तीन सप्तमांश हे प्रमाण, अडीच पळं फळ, नऊ निष्क इच्छा. अडीच नवे साडेबावीस, त्याला तीन सप्तमांशाने भागलं की साडेबावन्न पळं. गिऱ्हाइकाच्या मनातल्या आकड्याला ‘इच्छा’ म्हणणं मला फार सुंदर वाटतं. आजच्या ‘क्ष’मध्ये ती ऊब नाही. श्रीहरीने विश्व व्यापलं तसं त्रैराशिकाने गणित व्यापलं आहे, असं भास्कराचार्य म्हणतात. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चांगदेवाने चाळीसगावजवळच्या पाटणला मठ काढला. तिथला शिलालेख तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे.

आता पाठ्यपुस्तकात समप्रमाणासाठी समचलन आणि त्याच्या उलट प्रकारासाठी व्यस्त चलन असे शब्द आहेत. यातला ‘व्यस्त’ही जुनाच, ‘व्यस्त त्रैराशिका’तला. ‘लीलावती’तच उदाहरण आहे: सात आढकांच्या (आढक हे धान्य मोजण्याचं एकक) मापाने धान्याची रास शंभर मापं भरली, तर पाच आढकांच्या मापाने किती? एकशे चाळीस. माप लहान, मोजणी मोठी. इथे गुणाकार स्थिर राहतो, सातशे आढक. हल्ली हिंदीच्या वळणाने व्यस्त म्हणजे कामात गुंतलेला असंच मुलांच्या कानावर पडतं. वर्गात आधी ‘व्यस्त म्हणजे उलटं’ एवढं सांगितलं तरी निम्मं काम होतं.