मूल्याधिष्ठित बँकनिवड

ठेव ठेवताना, कर्ज घेताना किंवा संस्थेचे खाते उघडताना व्याजदर, सुरक्षितता व सोय यांच्या जोडीला त्या बँकेची सामाजिक प्रश्नांवरील भूमिका हाही निकष मानून बँक निवडणे वा सोडणे, या प्रथेस मूल्याधिष्ठित बँकनिवड म्हणतात. भूमिका म्हणजे केवळ बँकेने छापलेले धोरण नव्हे. ती कोणत्या व्यवसायांना कर्ज देते व कोणाला नाकारते, तिच्या संचालक मंडळावर कोण बसतात, थकबाकीदार लहान शेतकऱ्याशी ती कशी वागते, या सर्व बाबी तीत येतात. नैतिक बँकव्यवसाय हे बँकेच्या बाजूने आणि बँकनिवड हे ग्राहकाच्या बाजूने पाहिलेले एकाच व्यवहाराचे अंग आहे. संदर्भग्रंथांत दोहोंचा इतिहास बहुधा एकत्र सांगितला जातो, त्यामुळे उगमाचा प्रश्न विनाकारण गुंतागुंतीचा झाला आहे. प्रस्तुत नोंदीत ग्राहकाचे अंग, मुख्यतः मराठवाड्याच्या संदर्भात, विचारात घेतले आहे.

उगम : या प्रथेच्या उगमासंबंधी स्थूलमानाने तीन मते आढळतात. पहिल्या मतानुसार तिचे मूळ अठराव्या शतकातील इंग्लंडमधील धार्मिक पंथांत आहे. क्वेकर पंथाच्या लंडन येथील वार्षिक सभेने १७६१ मध्ये गुलामांच्या व्यापारात गुंतलेल्या सभासदांना पंथाबाहेर काढण्याचे ठरविले. त्याच सुमारास मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी पैशाच्या विनियोगावरील आपल्या प्रवचनात शेजाऱ्याचे अहित करून मिळविलेली मिळकत निषिद्ध ठरविली. बार्क्लेज व लॉइड्स या बँकांच्या संस्थापकांची घराणी क्वेकर होती, हा या मताचा आवडता पुरावा. तथापि या सर्व प्रसंगांत निर्बंध होता तो व्यापार करणाऱ्यावर. ठेवीदाराने बँक बदलल्याचे उदाहरण त्यांत नाही, म्हणून हे मत बँकनिवडीपेक्षा नैतिक गुंतवणुकीच्या इतिहासाला अधिक लागू पडते.

दुसरे मत ही प्रथा १९७० नंतरची मानते. दक्षिण आफ्रिकेतील वर्णविद्वेषी राजवटीशी असलेल्या संबंधांमुळे बार्क्लेज बँकेविरुद्ध ब्रिटनमध्ये दीर्घकाळ बहिष्कार चालला. पोर्तुगीज सत्तेखालील मोझांबिकमधील काबोरा बासा धरणाच्या प्रकल्पाशी या बँकेचा संबंध आल्याने चळवळीस धार चढली. विद्यार्थ्यांनी खाती काढून घेतली, विद्यार्थी संघटना व काही स्थानिक संस्थांनी आपला पैसा दुसरीकडे नेला आणि नोव्हेंबर १९८६ मध्ये बँकेने दक्षिण आफ्रिकेतील आपला हिस्सा विकला. या निर्णयात बहिष्काराचा वाटा किती आणि त्या देशाच्या ढासळत्या अर्थस्थितीचा किती, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. विद्यार्थी ग्राहकांमधील बँकेचा वाटा लक्षणीय प्रमाणात घसरला, हे मात्र सहसा मान्य केले जाते.

तिसरे मत भारतीय आहे आणि इंग्रजी ग्रंथांत त्याची दखल क्वचितच घेतली जाते. त्यानुसार स्वदेशीच्या काळात हिंदी माणसाने हिंदी बँकेतच पैसा ठेवावा हा जो आग्रह धरला गेला, तेच या प्रथेचे पहिले संघटित रूप होय. लाहोरची पंजाब नॅशनल बँक (स्थापना १८९४), मंगळूरची कॅनरा बँक (१९०६), मद्रासची इंडियन बँक (१९०७) आणि सोराबजी पोचखानवाला यांची सेंट्रल बँक ऑफ इंडिया (१९११) या बँकांना आरंभीचे ठेवीदार मिळाले त्यांत या भावनेचा भाग होता. अज्ञान व अंधश्रद्धा दूर करणे आणि शिक्षणाचा प्रसार करणे ही उद्दिष्टे कॅनरा बँकेचे संस्थापक अम्मेंबळ सुब्बाराव पै यांनी बँकेच्या तत्त्वांतच घातली होती. या मतावर असा आक्षेप घेतला जातो की, अशा बँका काढणारे व्यापारी व वकील स्वतःच्या वर्गाची पतपुरवठ्याची गरजही भागवीत होते. शिवाय इंडियन बँकेच्या जन्मामागे १९०६ मध्ये मद्रासची आर्बथनॉट पेढी बुडाल्याचा धक्का हे एक तात्कालिक कारण होते. आक्षेप खरा असला तरी निर्णायक नाही. हेतूंची अशी सरमिसळ बार्क्लेजविरोधी चळवळीतही होती. ठेवीदाराची जाणीवपूर्वक निवड हा या प्रथेचा गाभा मानल्यास तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

संस्थात्मक विस्तार : जर्मनीतील बोखुम येथील जीएलएस बँक (१९७४), नेदरलँड्समधील ट्रायोडोस बँक (१९८०) व इटलीतील बांका एटिका (१९९९) या बँका मुळातच अशा ग्राहकांसाठी निघाल्या. ब्रिटनच्या को-ऑपरेटिव्ह बँकेने १९९२ मध्ये ग्राहकांचे मत अजमावून कोणाला कर्ज देणार नाही हे जाहीर केले. मोठ्या प्रकल्पांना कर्ज देताना पर्यावरणीय व सामाजिक जोखीम तपासण्याची इक्वेटर तत्त्वे २००३ पासून आणि अशा बँकांची जागतिक संघटना २००९ पासून अस्तित्वात आहे.

भारतात मात्र वळण निराळे लागले. १९ जुलै १९६९ रोजी १४ व १९८० मध्ये आणखी ६ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि सामाजिक भूमिका ही एकेका बँकेची बाब न राहता शासनाने ठरविलेली व सर्वांना सारखी लागू असलेली बाब झाली. निव्वळ बँक पतपुरवठ्याच्या ४० टक्के रक्कम अग्रक्रम क्षेत्राला (शेती, लघुउद्योग इत्यादींना) व त्यातच धरून एकूण पतपुरवठ्याच्या १८ टक्के शेतीला देण्याचे बंधन पुढे खासगी बँकांवरही आले. उद्दिष्टे एकच असल्यावर ग्राहकाने निवडायचे काय, हा प्रश्न त्यामुळे साहजिकच उभा राहतो. याचे उत्तर जिल्ह्याजिल्ह्यांत वेगळे मिळते.

मराठवाडा : निजामी राजवटीतील मराठवाड्यात बँकनिवडीस वावच अल्प होता. हैदराबाद स्टेट बँक १९४१ च्या कायद्याने स्थापन होऊन १९४२ मध्ये सुरू झाली. संस्थानच्या उस्मानिया सिक्का चलनाची व्यवस्था तिच्याकडे होती. लोक या चलनाला हाली व ब्रिटिश रुपयाला कलदार म्हणत. मुक्तिसंग्रामाच्या काळात जानेवारी १९४८ मध्ये नांदेड जिल्ह्यातील उमरी येथे या बँकेवर सशस्त्र कार्यकर्त्यांनी छापा घातला. काही लेखक ही घटना बँकेवरील बहिष्काराच्या मालिकेत बसवितात. ते योग्य वाटत नाही, कारण तेथे लक्ष्य होती राजसत्तेची तिजोरी, आणि सामान्य ठेवीदाराच्या निवडीशी तिचा संबंध नव्हता. पुढे ही बँक १९५६ मध्ये स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली, १९५९ मध्ये भारतीय स्टेट बँकेची उपकंपनी बनली आणि १ एप्रिल २०१७ रोजी तीत विलीन झाली. विलीनीकरणापर्यंत विभागातील जुने खातेदार तिला ‘हैदराबाद बँक’ असेच म्हणत. तिच्याविषयीच्या आपलेपणामागे धोरणापेक्षा तालुक्याच्या गावी दीर्घकाळ असलेली शाखा आणि स्थानिक भाषा जाणणारे कर्मचारी यांचा भाग मोठा असावा.

राष्ट्रीयीकरणानंतरही निवड मोकळी झाली नाही, याचे तांत्रिक कारण फारसे लक्षात घेतले जात नाही. १ एप्रिल १९८९ पासून लागू झालेल्या सेवा क्षेत्र पद्धतीनुसार प्रत्येक ग्रामीण शाखेला साधारणतः १५ ते २५ गावे नेमून देण्यात आली आणि त्या गावांच्या पतपुरवठ्याची जबाबदारी त्या शाखेवर टाकण्यात आली. याची दुसरी बाजू अशी की, शेतकऱ्याला गावाबाहेरची बँक पसंत असली तरी पीककर्जासाठी त्याला आपल्या गावाला दत्तक असलेल्या शाखेतच जावे लागे. अन्यत्र अर्ज केल्यास परिसरातील सर्व बँकांची व सोसायटीची बेबाकी प्रमाणपत्रे गोळा करावी लागत. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २००४ मध्ये, शासकीय योजना वगळता, हे बंधन काढून टाकले. व्यवहारात ‘तुमचे गाव आमच्याकडे नाही’ हे उत्तर त्यानंतरही पुष्कळ वर्षे ऐकू येत राहिले. निवडीची चर्चा ठेवीच्या अंगाने करणारे युरोपीय साहित्य येथे अपुरे पडते ते यामुळेच : मराठवाड्यातील बहुसंख्य ग्राहकांचे बँकेशी नाते आधी कर्जाचे व मग ठेवीचे आहे, आणि कर्जदार ठेवीदाराइतक्या सहजपणे बँक सोडू शकत नाही.

त्यामुळे बँकेची ‘भूमिका’ येथे काही ठरावीक वर्तनांवरून पारखली जाते. दुष्काळी अनुदान किंवा पीकविम्याची रक्कम खात्यावर जमा झाल्यावर शाखा ती कर्जखाती वळवते का, अथवा खात्याला होल्ड लावते (रक्कम काढू देत नाही) का, ही पहिली कसोटी होय. टंचाईच्या वर्षांत अशी वळती करू नये असे आदेश जिल्हाधिकाऱ्यांना काढावे लागतात, यावरून प्रश्नाची तीव्रता कळते. पीककर्जासाठी सिबिल गुणांक (पूर्वीच्या कर्जफेडीवरून ठरणारा पतगुणांक) मागितला जातो का, कर्जाच्या पुनर्गठनाचा अर्ज घेतला जातो का, वसुलीची नोटीस चावडीवर लावली जाते का, ही त्यापुढची कसोटी. शाखेत मराठीतून व्यवहार होतो की नाही, हा मुद्दा विशेषतः २०१७ नंतर पुढे आला व २०२५ च्या वसंतात राज्यभर त्यावरून आंदोलने झाली.

महिला बचत गटांच्या बाबतीत निवड अधिक स्पष्ट दिसते. नाबार्डने १९९२ मध्ये बचत गट व बँका यांची जोडणी प्रायोगिक स्वरूपात सुरू केली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत स्वयं शिक्षण प्रयोगासारख्या संस्थांनी स्त्रियांचे संघटन उभे केले, त्यातून गटांची बचत व कर्जव्यवहार वाढले. एकाच ठिकाणी खाते असलेले गट संघटितपणे बोलू शकतात. व्यवस्थापक गटाच्या बायकांना दिवसभर बाकावर बसवून ठेवत असेल तर शेजारच्या शाखेत जाण्याचा ठराव गटाच्या बैठकीत होऊ शकतो. एकट्या शेतकऱ्याजवळ नसलेली ही ताकद आहे. ग्रामीण भागात याचा लाभ ग्रामीण बँकेला झाला असावा. नांदेड येथे मुख्यालय असलेली मराठवाडा ग्रामीण बँक १९७६ मध्ये स्थापन झाली आणि पुढील विलीनीकरणांतून तिची महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली.

सहकारी बँकांत निवडीचा अर्थच बदलतो. नागरी सहकारी बँकेतून कर्ज घेणाऱ्यास भाग खरेदी करून सभासद व्हावे लागते. तारणी कर्जासाठी कर्जाच्या अडीच टक्के व बिगरतारणी कर्जासाठी पाच टक्के भाग घेण्याची पद्धत रूढ होती. सभासदाला भाग कितीही असले तरी एकच मत मिळते. म्हणजे बँकेची भूमिका नापसंत असल्यास बँक सोडण्याऐवजी वार्षिक सर्वसाधारण सभेत ती बदलण्याचा मार्ग त्याला तत्त्वतः खुला असतो. नाममात्र सभासदाला मतदानाचा अधिकार नसतो, आणि केवळ ठेवीदार असलेल्या ग्राहकाला तर सभेत बसण्याचेही कारण नसते. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांत थेट सभासद बहुधा सोसायट्या व अन्य संस्था असल्याने शेतकऱ्याचे मत आणखी एका पायरीने दूर जाते. या बँकांच्या निवडणुकांत गटातटाचे राजकारण उघड असते. तेथे सामाजिक भूमिका व राजकीय निष्ठा वेगळ्या काढता येत नाहीत. विशिष्ट समाजाच्या पुढाकाराने निघालेल्या पतसंस्थांविषयीही हेच म्हणता येईल.

व्याज निषिद्ध मानणाऱ्या मुस्लिम ठेवीदारांचा प्रश्न औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर), बीड व परभणी या शहरांत जुना आहे. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये बिनव्याजी बँकव्यवहारास वाव देण्याची सूचना केली होती. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये तो प्रस्ताव पुढे न नेण्याचा निर्णय कळविला. परिणामी काही ठेवीदार चालू खाते वापरतात, काही बिनव्याजी पतसंस्थांकडे वळतात, तर काही जमा झालेले व्याज धर्मादाय कामाला देऊन टाकतात.

मर्यादा : मूल्याला प्राधान्य देताना सुरक्षितता मागे पडण्याचा धोका वास्तव आहे. बँकेतील ठेवींना ४ फेब्रुवारी २०२० पासून ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण आहे. पतसंस्था व मल्टिस्टेट (एकाहून अधिक राज्यांत काम करणाऱ्या सहकारी) सोसायट्यांना ते लागू नाही. बीड जिल्ह्यात व शेजारी २०२३ पासून काही मल्टिस्टेट संस्थांत ठेवी अडकल्या, तेव्हा ‘आपल्या माणसाची संस्था’ म्हणून पैसा ठेवलेल्या अनेक कुटुंबांना हा फरक प्रथमच समजला.

माहितीची उपलब्धता ही दुसरी अडचण होय. सेबी या भांडवली बाजाराच्या नियामक संस्थेने २०२१ मध्ये ठरविलेला व्यवसाय उत्तरदायित्व व शाश्वतता अहवाल बाजारमूल्याने पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना, त्यामुळे मोठ्या बँकांना, द्यावा लागतो. रिझर्व्ह बँकेची हरित ठेवींची (पर्यावरणपूरक कामांसाठी राखलेल्या ठेवींची) चौकट १ जून २०२३ पासून अमलात आली असून अशा ठेवींचा पैसा कोठे वापरला हे बँकेने जाहीर करावयाचे असते. जिल्हा बँका, नागरी बँका व पतसंस्था सूचिबद्ध नसल्याने सेबीच्या अहवालाचे बंधन त्यांच्यावर येत नाही. त्यांच्या ग्राहकाला सभासदांकडे येणाऱ्या छापील वार्षिक अहवालावर आणि त्यातील थकबाकीच्या तक्त्यावरच अवलंबून राहावे लागते.