चारचाकीला अंतराळयानाचा साज : काम सोपवण्यापूर्वी ग्राहकांनी वाचावयाचे माहितीपत्रक

आपली गाडी विज्ञानकथेतील अंतराळयानासारखी दिसावी, अशी इच्छा घेऊन येणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला आम्ही पहिल्याच भेटीत एक गोष्ट सांगतो. यान आम्ही मनापासून घडवू, परंतु ते गाडीवर चढवलेला साज असेल आणि त्याखालची गाडी आरसी बुकात नोंदली आहे तशीच राहील. बेंदराच्या दिवशी बैलाच्या अंगावर झूल येते, शिंगांना हिंगूळ लागतो, कपाळावर बाशिंग चढते; दुसऱ्या दिवशी मात्र तोच बैल पुन्हा कामाला जुंपता आला पाहिजे, हे त्याला सजवणारा शेतकरी विसरत नाही. कोल्हापुरातील आमच्या लहानशा फायबर कार्यशाळेत यानाचे काम याच समजुतीने केले जाते, आणि आम्ही काही मागण्या का स्वीकारतो व काही का नाकारतो, याचे कारणही तेच आहे.

कायद्याची मर्यादा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीवरील नोंद जुळणार नाही असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका स्पष्टपणे मांडली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यामुळे छत कापणे, दरवाजे वर उघडणारे करणे, चासी (गाडीची मूळ चौकट) लांबवणे ही कामे रस्त्यावर चालणाऱ्या गाडीवर आम्ही कोणत्याही मोबदल्यात करत नाही.

रंग हाही आरसीवरील तपशील असल्याने, गाडीचा मूळ रंग झाकणारे व्हिनाइल रॅप, म्हणजे चिकटवायचे पातळ प्लास्टिकचे आवरण, लावायचे असल्यास आधी आरटीओ कार्यालयात अर्ज करून तो बदल नोंदवून घ्यावा. पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. यानाच्या खिडक्या काळ्याभोर हव्यात ही मागणी रस्त्यावरील गाडीसाठी आम्हाला मान्य करता येत नाही. लाल-निळे लुकलुकणारे दिवे आणि अनेक सुरांचे हॉर्न आम्ही बसवत नाही. पुढच्या बंपरवर बाहेर आलेल्या लोखंडी संरचनांना केंद्रीय मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये मनाई केली आहे, त्यामुळे यानाच्या चोचीसारखा पुढे झेपावणारा पाइपही करता येत नाही. अशा चोचीचा धोका आधी पादचाऱ्याला असतो, आणि कायदा नसता तरी आम्ही ती केली नसती.

या मर्यादेत राहून आमच्याकडे तीन प्रकारची कामे होतात. पहिला प्रकार रोजच्या वापरातील गाडीचा, ज्यात आतील सजावट, डॅशबोर्डची आवरणे, व्हिनाइलवरील रेषाकाम आणि नियमात बसणारी प्रकाशयोजना एवढेच येते. दुसरा प्रकार काढता-घालता येणाऱ्या फायबर कवचाचा आहे. चित्रीकरण, प्रदर्शन, लग्नसमारंभ किंवा मंडळाची मिरवणूक यांसाठी ते टेम्पोने जागेवर नेऊन बोल्टने बसवले जाते आणि कार्यक्रम संपताच तेथेच उतरवले जाते. मिरवणुकीच्या बाबतीत पोलिसांच्या परवानगीपत्रात या वाहनाचा उल्लेख असल्याखेरीज आम्ही कवच बसवत नाही. तिसरा प्रकार कायमस्वरूपी यानाचा असून तो केवळ नोंदणी रद्द झालेल्या, एकाच जागी उभ्या राहणाऱ्या गाडीवर केला जातो, आणि नोंदणी रद्द झाल्याचा कागद आम्हाला काम सुरू होण्याआधी लागतो.

यान कशामुळे यान दिसते

बहुतेक ग्राहक पडद्यावरील एखाद्या प्रचंड जहाजाचे चित्र घेऊन येतात आणि तेच आपल्या गाडीवर उतरावे असे म्हणतात. आम्ही त्यांना आदराने परावृत्त करतो, कारण शेकडो मीटर लांबीचे जहाज चार मीटरच्या गाडीवर आणले, की ते मोठे दिसत नाही, तर खेळण्यासारखे दिसते. पाहणाऱ्याची नजर आकार मोजण्यासाठी ओळखीची वस्तू शोधते. काचेआड चालकाचे डोके दिसते, दाराची मूठ दिसते, चाक दिसते आणि त्या क्षणी जहाजाचे खरे माप उघडे पडते. त्याऐवजी, दोन माणसे बसू शकतील असे छोटे यान खऱ्या मापात घडवले, तर हेच चालकाचे डोके यानाच्या बाजूने साक्ष देते. त्यामुळे दोन जणांचे टेहळणी यान, माल वाहणारे छोटे शटल किंवा ग्रहावर उतरणारी बग्गी यांपैकी एखादी कल्पना निवडावी, असे आम्ही सुचवतो.

दुसरी अडचण उंचीची असते. इटलीतील बर्तोने या गाड्यांची रचना करणाऱ्या संस्थेने १९७० साली सादर केलेली लान्चिया स्ट्रॅटोस झीरो ही गाडी केवळ ८४ सेंटिमीटर उंच होती आणि तिच्यात पुढची काच वर उचलून शिरावे लागे. पाचरीसारखे यान म्हणजे काय, हे समजून घ्यायचे असेल तर तिची छायाचित्रे अवश्य पाहावीत. आपल्याकडची साधी हॅचबॅक सुमारे दीड मीटर उंच असते आणि ती उंची कमी करता येत नाही. नजरेपुरती ती कमी भासवता येते, आणि त्यासाठी कवचाचे छत व खांब मंद काळे ठेवून खालच्या भागात फिकट रंगाचा अखंड पट्टा पुढून मागेपर्यंत ओढला जातो, म्हणजे नजर वर न चढता आडवी धावते. मारुती ओम्नीसारखी सपाट चेहऱ्याची व्हॅन मात्र आम्ही ठेंगणी भासवण्याचा प्रयत्नच करत नाही. तिची डबीसारखी बांधणी आणि सरकते दार मालवाहू शटलला इतके शोभते, की २०१९ मध्ये उत्पादन थांबलेल्या या गाडीला आमच्या मते यानाच्या कामात तोड नाही.

बारीक उठावाच्या कामाविषयी आमचे मत ठाम आहे. चित्रपटांसाठी यानांच्या प्रतिकृती घडवणारे कारागीर रणगाड्यांच्या आणि जहाजांच्या प्लास्टिक संचांतील सुटे भाग काढून प्रतिकृतींवर चिकटवत असत. आम्ही तेच काम भंगारातील प्रिंटरचे भाग, संगणकातील उष्णता बाहेर सोडणारे ॲल्युमिनियमचे हीटसिंक, पीव्हीसी पाइपचे जोड आणि स्विचबोर्डच्या डब्या यांतून करतो. परंतु हे तुकडे सर्वत्र पसरले तर यान गोंधळलेले दिसते. जेथे काहीतरी घडत असावे असे वाटते, म्हणजे इंजिनाचे तोंड, हवा सोडण्याची जागा, आत शिरण्याचे झाकण, तेथेच त्यांची गर्दी असावी आणि उरलेला पृष्ठभाग शांत ठेवावा. रंगालाही कारण असावे. अमेरिकी स्पेस शटलच्या पोटाकडील टाइल्स काळ्या होत्या, कारण पृथ्वीच्या वातावरणात परतताना तेथे तीव्र उष्णता लागे. उपग्रहांवरील सोनेरी चकाकी ही उष्णतारोधक पातळ थरांची असते. आपल्या यानावर काळा कोठे आणि सोनेरी कोठे, हे या विचाराने ठरवले, तर ज्याला त्यातले काही ठाऊक नाही त्यालाही ते खरे वाटते.

फायबरचे काम कसे होते

आराखडा मंजूर झाल्यावर आम्ही प्रथम एकास दहा मापाची मातीची प्रतिकृती करून दाखवतो, आणि आपण सुचवावयाचे सर्व बदल याच टप्प्यावर सुचवावेत, कारण साचा तयार झाल्यानंतरचा प्रत्येक बदल म्हणजे नवा साचा असतो. त्यानंतर पूर्ण मापाचा आकार घडवून त्यावर पुट्टी भरणे, ८० पासून ६०० नंबरपर्यंतच्या पॉलिश पेपरने घासणे, मेण लावून साचा काढणे, जेल कोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर, देणे आणि ग्लास फायबरच्या मॅटवर पॉलिस्टर रेझिनचे (वाळून कडक होणाऱ्या चिकट द्रवाचे) थर चढवणे, असा क्रम असतो. पावसाळ्यात हवेतील ओलाव्याने रेझिन नीट वाळत नाही आणि पृष्ठभाग चिकट राहतो. त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात आम्ही फायबर ओतण्याचे नवे काम घेत नाही. गणेशोत्सवासाठी कवच हवे असलेल्या मंडळांनी ही बाब विशेष लक्षात घेऊन मार्चअखेरपर्यंत यावे.

काही मंडळे सजावटकाराकडून थर्माकोलचा आकार करून आणतात आणि त्यावर थेट फायबर चढवण्यास सांगतात. पॉलिस्टर रेझिनमधील स्टायरीन या द्रावकाने थर्माकोल विरघळतो, आणि काही मिनिटांत मेहनतीने कोरलेला आकार खचून जातो. असा आकार आणलाच असेल, तर त्यावर आधी इपॉक्सीचा, म्हणजे थर्माकोल न विरघळवणाऱ्या दुसऱ्या रेझिनचा, थर द्यावा लागतो आणि त्याचा खर्च वेगळा येतो.

तीन मिलिमीटर जाडीच्या फायबरचे वजन प्रति चौरस मीटर सुमारे साडेचार किलो असते. बारा चौरस मीटरचे कवच म्हणजे ५४ किलो, आणि त्यात चौकोनी पाइपचा सांगाडा मिळवला की हा भार एका प्रौढ माणसाइतका होतो. त्यामुळे कवच चढवलेल्या गाडीत एक प्रवासी कमी बसवावा. सांगाडा गाडीच्या मूळ बोल्टांच्या जागीच बसतो. पत्र्याला आम्ही एकही नवे छिद्र पाडत नाही.

उष्णता, वीज आणि धूर

या भागात आम्ही ग्राहकाचा आग्रह मानत नाही, कारण येथील चुकीची किंमत आम्ही स्वतः पाहिली आहे. सुरुवातीच्या काळातील एका कामात आम्ही यानाचा पुढचा भाग सुंदर दिसावा म्हणून गाडीची जाळी जवळजवळ पूर्ण झाकली होती. वेगात जाणाऱ्या गाडीला समोरून वारा मिळतो, पण मिरवणुकीत गाडी माणसाच्या पावलांनी चालते आणि रेडिएटरला केवळ पंख्याचा आधार उरतो. तासाभरात इंजिन तापले, शीतक उकळून बाहेर आले आणि गर्दीच्या मधोमध गाडी बंद पडली. कोणाला इजा झाली नाही, तरी त्या दिवसापासून मूळ जाळीच्या क्षेत्रफळाइतकी मोकळी वाट कवचात सोडल्याशिवाय आम्ही काम पूर्ण झाले असे समजत नाही. चाकांवरील आवरणांनाही हाच नियम आहे, कारण ब्रेकची उष्णता बाहेर पडली पाहिजे आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर व गाडी भरल्यावर टायर कोठेही घासता कामा नये.

प्रकाशयोजनेचे गणित साधे आहे. मीटरमागे साठ दिवे असलेली नेहमीची एलईडी पट्टी १२ व्होल्टवर सुमारे १४.४ वॅट, म्हणजे १.२ अँपिअर वीज घेते. दहा मीटर पट्टीला १२ अँपिअर लागतात, आणि इंजिन बंद ठेवून ती पेटवली तर ३५ अँपिअर-तासांची बॅटरी दीड तासात अर्धी रिकामी होते. यास्तव कवचाच्या दिव्यांना आम्ही स्वतंत्र बॅटरी, बॅटरीलगत फ्यूज आणि वेगळा स्विच देतो. गाडीच्या मूळ वायरिंगला जोड मारत नाही, जेणेकरून उत्पादकाच्या वॉरंटीचा प्रश्न उद्भवत नाही. धुराचे यंत्र मागच्या बाजूस, केबिनच्या बाहेरच बसवले जाते. कोरडा बर्फ बंद गाडीत कधीही ठेवू नये, कारण त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड आतल्या माणसाला गुदमरवू शकतो. फायबर पेटते आणि दाट काळा धूर सोडते, म्हणून कवचाच्या आसपास फटाके व भुईनळे उडवू नयेत, आणि कवचासोबत आम्ही देतो तो पावडरचा अग्निशामक चालकाच्या हाताशी असावा.

नव्या गाड्यांच्या पुढच्या बंपरमागे किंवा बोधचिन्हामागे रडार आणि काचेमागे कॅमेरा असू शकतो. धातूचा अंश असलेला रंग रडारसमोर आला तर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा चुकीचे वाचन करू शकते. अशा गाड्यांवर पुढच्या बाजूचे काम घेण्यापूर्वी आम्ही अधिकृत सेवा केंद्राचे लेखी मत मागतो. एअरबॅगच्या झाकणावर आणि एअरबॅग असलेल्या सीटच्या कडांवर कोणतेही आवरण घातले जात नाही.

कोणाचे यान घडवावे

प्रसिद्ध चित्रपटातील यानाची हुबेहूब नक्कल आम्ही करत नाही. बॅटमोबाइल या बॅटमॅनच्या गाडीच्या प्रतिकृती विकणाऱ्या एका व्यावसायिकाविरुद्ध अमेरिकेतील अपील न्यायालयाने २०१५ मध्ये निकाल देताना, ती गाडी स्वतःच कॉपीराइटचे संरक्षण असलेले पात्र आहे, असे म्हटले होते. भारतातही कॉपीराइट अधिनियम, १९५७ अन्वये चित्रपटाला प्रदर्शनानंतर साठ वर्षे संरक्षण असते, आणि जाहिरात किंवा तिकीट असलेल्या कार्यक्रमात नक्कल वापरणाऱ्या ग्राहकावरही जबाबदारी येऊ शकते. आपल्या मनातले यान आपल्या मुलाने वहीत काढलेल्या चित्रातून आले असेल, तर ते चित्र घेऊन यावे. आमच्या आवडत्या कामांपैकी कितीतरी अशाच पानांवरून सुरू झाली आहेत.

पहिल्या भेटीस येताना

गाडीचे आरसी बुक, विमा पॉलिसी आणि गाडी प्रत्यक्ष आणावी. कवच अथवा आतील सजावटीची माहिती विमा कंपनीला लेखी कळवणे ही मालकाची जबाबदारी आहे, कारण न कळवलेल्या बदलाच्या आधारे दावा नाकारला जाऊ शकतो. त्या पत्राचा मसुदा करून देण्यास आम्ही मदत करू. मोजमापासाठी गाडी आमच्याकडे दोन दिवस ठेवावी लागते. कवच मिळाल्यावर पहिल्या कार्यक्रमानंतर सर्व बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत, कवच उन्हात न ठेवता छपराखाली उभे ठेवावे, आणि कडांवर केसासारख्या चिरा दिसू लागल्यास लगेच आणून दाखवावे, कारण त्या टप्प्यावर त्या तासाभरात बुजवता येतात.