छोट्या बेटांचे देशपण

महासागरातले एखादे छोटे बेट स्वतंत्र देश म्हणून मोजायचे की दुसऱ्या देशाचा भाग म्हणून, याचा अखेरचा निवाडा करणारी एकही संस्था जगात नाही. संयुक्त राष्ट्रांचे सदस्य १९३ आहेत, तर देशांना व प्रदेशांना संकेतांक देणाऱ्या आयएसओच्या यादीत २४९ नोंदी आहेत. ऑलिंपिकची यादी या दोन्हींच्या मधली. ज्याचे त्याचे काम वेगळे, म्हणून निकषही वेगळे.

कायद्याच्या चर्चेत १९३३ च्या माँटेव्हिडिओ कराराचा हवाला हटकून दिला जातो. कायम लोकवस्ती, निश्चित भूभाग, सरकार आणि इतर राष्ट्रांशी संबंध ठेवण्याची क्षमता या त्यातल्या चार अटी. आकाराबद्दल त्यात चकार शब्द नाही. म्हणूनच २१ चौ. किमी.चा नाउरू १९९९ पासून संयुक्त राष्ट्रांचा सदस्य आहे आणि २१ लाख चौ. किमी.हून मोठे ग्रीनलंड अजूनही डेन्मार्कच्या राज्याचा भाग आहे.

वसाहतींपुढे कोणते मार्ग आहेत, हे संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १९६० च्या ठराव क्र. १५४१ मध्ये सांगितले : पूर्ण स्वातंत्र्य, दुसऱ्या राष्ट्रात विलीनीकरण किंवा त्याच्याशी मुक्त सहयोग, म्हणजे कारभार स्वतः पाहूनही स्वेच्छेने त्या राष्ट्राशी जोडलेले राहणे. खरी गुंतागुंत तिसऱ्या मार्गात आहे आणि तिचे उत्तम उदाहरण म्हणजे पॅसिफिकमधील कुक बेटे.

सुमारे १५,००० वस्तीची ही १५ बेटे ४ ऑगस्ट १९६५ पासून न्यूझीलंडच्या मुक्त सहयोगात स्वशासित आहेत. त्यांची संसद, पंतप्रधान आणि कायदे स्वतःचे. नागरिकत्व मात्र न्यूझीलंडचे. बेटांवर राहतात त्याच्या कितीतरी पट कुक आयलंडर आज न्यूझीलंडमध्येच आहेत. शेजारच्या न्युएने १९७४ मध्ये हाच मार्ग धरला. दोन्ही प्रदेश जागतिक आरोग्य संघटना व युनेस्को यांचे सदस्य आहेत. करार करण्याची त्यांची पूर्ण क्षमता संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाने अनुक्रमे १९९२ आणि १९९४ मध्ये मान्य केली, पण संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व कोणाकडेच नाही. जपानने कुक बेटांना २०११ मध्ये, न्युएला २०१५ मध्ये मान्यता दिली. अमेरिकेने दोघांना एकदमच, सप्टेंबर २०२३ मध्ये. भारताने २०१४ मध्ये पॅसिफिक बेटांसाठी सुरू केलेल्या सहकार्य मंचात जे १४ देश आहेत, त्यांत हे दोन्ही धरलेले आहेत. म्हणजे दिल्लीच्या लेखी हा प्रश्न केव्हाच निकालात निघाला आहे.

वेलिंग्टनच्या लेखी तो तसा नाही. २०२४ मध्ये कुक बेटांचे पंतप्रधान मार्क ब्राउन यांनी स्वतःच्या पासपोर्टचा प्रस्ताव पुढे केला. वेगळा पासपोर्ट, वेगळे नागरिकत्व आणि संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व फक्त पूर्ण स्वतंत्र देशाला मिळते, असे न्यूझीलंडने बजावले आणि प्रस्ताव बारगळला. लगोलग फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्राउन यांनी चीनशी करार केले. आपल्याला विश्वासात घेतले नाही म्हणून न्यूझीलंडने कोट्यवधी डॉलरची मदत रोखून धरली. कागदावर दोघांचे नाते बरोबरीचे आहे, पण नागरिकत्वाची किल्ली ज्याच्या हाती त्याचेच पारडे जड, हे या वादात उघडे पडले. मार्शल बेटे, मायक्रोनेशिया आणि पलाऊ हेही अमेरिकेच्या मुक्त सहयोगात आहेत, त्यांचे संरक्षणही अमेरिकाच पाहते. पण त्यांचे नागरिकत्व स्वतःचे आहे आणि तिघेही संयुक्त राष्ट्रांत बसतात.

बाकीच्या याद्यांना सार्वभौमत्वाशी फारसे देणेघेणे नाही. आयएसओच्या यादीत हर्ड व मॅकडोनाल्ड या ऑस्ट्रेलियाच्या निर्मनुष्य बेटांनाही संकेतांक आहे. पेंग्विन आणि सील हेच तिथले रहिवासी. तरी एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने जाहीर केलेल्या आयातशुल्काच्या तक्त्यात त्यांचे नाव झळकले! याद्या डोळे झाकून उचलल्या की असे होते. खेळांत तर बेटांची चंगळच. २००७ च्या क्रिकेट विश्वचषकात भारताने ज्या बर्म्युडाविरुद्ध ४१३ धावा कुटल्या आणि ज्याच्या अगडबंब लेव्हरॉकने उथप्पाचा झेल सूर मारून घेतला, तो ब्रिटनचा सागरापारचा प्रदेश आहे. फेरो बेटे फिफात आहेत, ऑलिंपिकमध्ये नाहीत. कारण ऑलिंपिक समितीने १९९६ पासून नव्या सदस्यांना स्वतंत्र राष्ट्र असण्याची अट घातली. त्याआधी आत शिरलेले बर्म्युडा, ग्वाम, प्वेर्तो रिको मात्र आतच राहिले.

प्रत्येक बेटाला स्वातंत्र्य हवेच असते, असेही नाही. बर्म्युडाच्या मतदारांनी १९९५ मध्ये ते मोठ्या बहुमताने नाकारले. तीन प्रवाळबेटांच्या टोकेलाऊमध्ये, न्यूझीलंडशी मुक्त सहयोगाच्या प्रश्नावर, २००६ आणि २००७ असे दोनदा मतदान झाले. दोन्ही वेळा बहुमत बाजूने होते, पण अट दोन-तृतीयांशाची होती. दुसऱ्या खेपेला प्रस्ताव १६ मतांनी हुकला. टोकेलाऊचे नाव त्यामुळे संयुक्त राष्ट्रांच्या अस्वशासित प्रदेशांच्या यादीत अजून कायम आहे.