नळ बंद असताना प्रेशर गेज (दाबमापक) काय दाखवतो?

पुण्यात बाणेर किंवा खराडीतल्या बावीस मजली इमारतीत गच्चीवरच्या टाकीपासून दुसऱ्या मजल्यापर्यंत पाणी सुमारे ६० मीटर उतरतं. दर १० मीटरला साधारण १ किलो (दर चौरस सेंटिमीटरवर), म्हणजे तिथल्या नळाशी जवळपास ६ किलो प्रेशर. घरातल्या नळ-शॉवरला दीड ते तीन किलो पुष्कळ झालं. त्याच्या दुप्पट दाबात बेसिनखालची फ्लेक्झिबल नळी फुटते, फ्लशची टाकी गळत राहते, नळ झटकन बंद केला की पाइप दणका देतो.

बरेचदा डक्टमधला (पाइपांच्या उभ्या पोकळीतला) व्हॉल्व्ह अर्धा बंद करून वेळ मारून नेतात. त्यानं काम होत नाही. अर्धा बंद व्हॉल्व्ह पाणी वाहत असतानाच दाब खातो. रात्री सगळे नळ बंद झाले की पुन्हा पूर्ण ६ किलो. प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह, म्हणजे पीआरव्ही, वाहतं पाणी आणि थांबलेलं पाणी दोन्ही सांभाळतो. त्यात लवचीक पडद्यावर स्प्रिंग असते. स्प्रिंग झडप उघडायला बघते, पुढच्या बाजूचं पाणी पडद्याला उलट रेटतं. दाब ठरलेल्या आकड्याला पोचला की झडप सीटवर, म्हणजे टेकायच्या कडेवर, बसते आणि वाट बंद होते.

बसवताना क्रम असा: आधी बंद करायचा व्हॉल्व्ह, मग गाळणी, मग पीआरव्ही (अंगावरचा बाण प्रवाहाच्या दिशेनं), प्रेशर गेज, शेवटी आणखी एक बंद करायचा व्हॉल्व्ह. गाळणी वगळू नका. सेट करताना लॉकनट सैल करून स्क्रू पूर्ण ढिला करा, पुढचा एक नळ थोडा उघडा, गेजवर हवा तो दाब दिसेपर्यंत स्क्रू घड्याळाच्या दिशेनं हळूहळू फिरवा. मग नळ बंद करून दहा मिनिटं गेज पाहा. काटा किंचित चढून थांबतो, ते ठीक आहे. चढतच राहिला तर सीटवर वाळूचा कण किंवा बोअरच्या जड पाण्याचा क्षार अडकलाय. ही तपासणी वर्षातून दोनदा तरी व्हावी. दिवसभर वापर चालू असताना हा दोष दिसतच नाही. दाब तिपटीहून जास्त उतरवायचा असेल तर एकामागे एक दोन पीआरव्ही लावा, नाहीतर आवाज होतो आणि सीट झिजते.

पीआरव्ही पाणी उलटं जाऊ देत नसेल तर गीझरमध्ये तापून फुगलेल्या पाण्याला वाट उरत नाही. त्यामुळे गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकू लागला तर तो बंद करायचा नाही. जवळ छोटी एक्स्पान्शन टाकी (फुगलेलं पाणी सामावून घेणारी) बसवायची.

शहराच्या वाहिन्यांचं गणित तेच. टेकडीवरच्या टाकीतून सखल पेठांत पाणी येतं, तेव्हा रात्री वापर घटताच तिथला दाब वाढतो आणि गळतीही. पीआरव्हीनं दाब ४ किलोवरून २ किलोवर आणला तर लोखंडी पाइपच्या भोकातून सुमारे ३० टक्के कमी पाणी जातं. प्लॅस्टिकच्या पाइपची चीर दाबानं रुंदावते, तिथे फायदा आणखी मोठा. मात्र काही तासच पाणी येणाऱ्या वाहिनीत पाइप रोज रिकामा होतो, भरताना हवा आणि कचरा पीआरव्हीच्या बारीक नळ्यांत शिरतो. तिथे आधी एअर व्हॉल्व्ह (हवा बाहेर सोडणारा) आणि गाळणी बसवा, मगच पीआरव्ही.